सूपभर कोंड्याचं मोल

अण्णा,

तुमच्या हयातीत मी तुम्हाला एकदाच पत्र लिहिलं होतं, सासरी गेल्यावर. ते तुम्ही शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या करून परत पाठवलंत. मजकुराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तो अनुभव जमेस धरून हे दुसरं पत्र मी अशा वेळी लिहिते आहे, की ते तुमच्या हाती पडण्याची काही भीती उरलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मुंबईवर गोऱ्यांचं राज्य होतं. आता मुंबई कुणाची यावरून आपल्याच लोकांत जुंपली आहे, आणि गिरगावापासून दादरपर्यंत एक भिंत कोरी राहिलेली नाही. पण मी लिहायला बसले ती त्यामुळे नाही. एका पुस्तकामुळे बसले.

तुम्ही त्याला पुस्तक म्हटलं नसतं. पंचांगाहून बारीक, कवितांचं, कुणा तरुण बाईचं. एका पानावर तीन ओळी, फार तर पाच, आणि बाकीचं पान मोकळं. पोस्टकार्डाच्या समासातसुद्धा उभं लिहिणारे तुम्ही, नक्की विचारलं असतंत, "छापखान्यातली शाई संपली काय?" वृत्त नाही, यमक नाही, उपमा औषधालाही नाही. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत विषय एकच: मी. मी मोलाची आहे, मला कमी लेखू नका, मी मला पुरेशी आहे. आपल्या कवींनी देवाची स्तुती केली, राजाची केली, नायिकेची तर नखशिखांत केली. ही बाई स्वतःचीच करते, तीही दक्षिणा न घेता. नमुना म्हणून एक उतरवून देते:

आरशाने विचारलं, किती?
मी म्हटलं, सगळी.

संपली कविता. मी प्रथम वाचली तेव्हा पान उलटून पाहिलं होतं, पुढे काही आहे का म्हणून.

पुस्तक माझ्या मुलीचं. परळच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात, तिच्या उशीखाली होतं. तिकडे येतेच, पण आधी आपल्या घराबद्दल बोलायला हवं. ही कविता मला कळेना ती मी शाळेत शिकवते ते संस्कृत आडवं आल्यामुळे नव्हे. आपलं घर आडवं आलं.

आपल्या घरात स्तुती चोरट्या मालासारखी यायची. उघड कधीच नाही. तुमच्याकडे गुणांच्या तीनच पायऱ्या होत्या: "चालेल", "बरं", आणि सर्वांत वर, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, "वाईट नाही". आईच्या पुरणपोळीला "बरं". मोठमोठ्या कीर्तनकारांना "चालेल", तेही घरी आल्यावर जोडे काढता काढता. मी सात-आठ वर्षांची असताना ओटीवर बसलेल्या पाहुण्यांना ऐटीत सांगितलं होतं, "मला संस्कृतची सगळी शब्दरूपं पाठ येतात." पाहुणे हसले. तुम्ही हसला नाहीत. पाहुणे गेल्यावर मला समोर उभं करून म्हणालात, "आपली स्तुती आपण करणं म्हणजे आपला वध आपण करणं. तुझी निंदा करायला जग समर्थ आहे आणि वध करायला यम. दोघांनाही तू मदत करू नकोस." मला त्यातलं यमाचं काही कळलं नाही. मला वाटलं, ही नुसती बोलण्याची पद्धत.

नंतर आईने सांगितलं. माझ्याआधी तीन गेली होती. एकही बारशापर्यंत टिकलं नव्हतं. मी झाले तेव्हा आजीने ठरवलं की ही ठेवायची असेल तर टाकली पाहिजे. मला सुपात घातलं, चाळीच्या मागच्या घरगल्लीत जिथे सगळ्या मजल्यांचा केर पडायचा तिथे नेलं आणि ठेवलं. गल्ली साफ करणाऱ्या बाईने मला उचललं, म्हणजे मी तिची झाले, म्हणजे केर झाले. मग आईने सूपभर कोंडा देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. मरणाने वहीत पाहावं तर या घरात मूल झालेलंच नाही; कोंड्याच्या भावाने आणलेलं काहीतरी आहे, त्याला कोण हात लावणार? नावही तसंच ठेवलं. ते इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. शाळेत हजेरी घेताना मास्तर त्या नावाशी थांबायचे आणि वर्ग हसायचा. मी रडत घरी येऊन म्हटलं, "अण्णा, माझं नाव बदला." तुम्ही पोथीतून डोकं वर न काढता म्हणालात, "ते नाव नाही, चिलखत आहे. चिलखताला नक्षी नसते."

आईच्या त्या हकिगतीत मला सगळ्यात जास्त आवडायचे ते तुम्ही. सगळ्या गिरगावात अंधश्रद्धेची टिंगल करणारे शास्त्रीबोवा. आजीने बेत सांगितल्यावर तुम्ही पोथ्या काढून बसलात, आणि उठून म्हणालात, "शास्त्रात याला आधार नाही." मग घरगल्लीत निघालात. सूप तुम्हीच धरलं होतंत.

मॅट्रिकला मला संस्कृतची शिष्यवृत्ती मिळाली त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून काजळी धरलेली समई घासत होतात. मी निकाल सांगितला. तुम्ही घासत राहिलात, मग म्हणालात, "वाईट नाही." आत चुलीशी असलेल्या आईच्या हातातली पळी थांबली. तिने मीठ आणि मोहऱ्या मुठीत घेतल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या, तडतड झाली. ती डोळे पुसत होती, धुराने की कशाने कोण जाणे. रात्री तुम्ही तुमचा जाडा शब्दकोश माझ्यापुढे ठेवलात. म्हणालात, "माझ्या कपाटात वाळवी लागायची. तुझ्याकडे ठेव." वाळवी त्या घरात कधीच नव्हती. तो कोश आजही माझ्याकडे आहे, दादरच्या खोलीत, आणि इथे मात्र खरोखरच वाळवी आहे.

तर अशी मी. पन्नाशीला टेकले आहे, दादरला मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवते, पदरात एकच मुलगी, आणि तिलाही मी तुमच्याच तीन पायऱ्यांवर वाढवलं. ती गायची, "चालेल". तिने बी. ए. केलं, "बरं". लग्नाच्या दिवशी शालू नेसून समोर उभी राहिली तेव्हा मी तिच्या गालाला काजळाचा ठिपका लावला आणि म्हटलं, "पदर नीट घे." ती म्हणाली, "आई, तुझ्या पोटी जन्माला येण्यापेक्षा तुझ्या वर्गात यायला हवं होतं. तिथे निदान शंभरापैकी किती ते तरी कळतं."

तिची पहिली दोन गेली. एक दोन दिवसांचं, एक सहा. तिसरी मुलगी झाली ती वेळेआधी. कापसात गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या, तोंडात ड्रॉपरने दूध. रोज सकाळी नर्स तिला काट्यावर ठेवायची आणि काही न बोलता पाटीवर लिहायची. आम्ही नर्सच्या तोंडाकडे पाहायचो. नर्सच्या तोंडावर तुमच्यासारखंच काही उमटायचं नाही.

दुपारी भेटायच्या वेळेला मी जायची. मुलीला ताप होता, डोळ्यांवर ताण पडू द्यायचा नव्हता. ती उशीखालून पुस्तक काढून म्हणायची, "वाच." मी वाचायची, आणि माझं तोंड गप्प राहीना.

"एका ओळीत दोन शब्द. हिला कुणी सांगितलं नाही का, की कागद महाग झालाय?"

"आई, टीका नको. नुसतं वाच."

"टीकेशिवाय वाचलं तर एक मिनिटात संपेल. मग काय करायचं, चार वाजेपर्यंत?"

"मग परत वाच."

मी परत वाचायची. समोरच्या गिरणीच्या भिंतीवर डांबराने हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. मी तिला म्हटलं, "ती बघ, नवकविताच आहे. चार-पाच शब्द, वृत्त नाही, आणि मागणी स्वतःसाठी." ती हसली. हसताना टाके दुखले म्हणून माझ्यावर चिडली. मग म्हणाली, "तिसाव्या पानावरची वाच. ती मला आवडते."

तराजूच्या दोन्ही पारड्यांत
आज मीच बसले.
काटा हलला नाही.

मी वाचली, आणि अण्णा, या वेळी मला काही सुचलं नाही. तिकडे कोपऱ्यात तो तान्ह्यांचा काटा होता, पांढऱ्या फडक्याने झाकलेला. मुलगी त्याच्याकडेच पाहत होती. म्हणाली, "हिला मी हेच पुस्तक वाचून दाखवणार आहे. रोज. तुझी रूपावली नाही."

तिच्या सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई परळलाच राहतात. माणूस वाईट नाही. (पाहा, आलंच.) मूळच्या तळकोकणातल्या, चाळीस वर्षं मुंबईत, घरचा एक पाय गिरणीच्या कचेरीत आणि दुसरा देवघरात. त्या दिवशी काटा आदल्या दिवसापेक्षा खाली आला होता. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"विहीणबाई, बाराव्या दिवसाच्या आत केलं पाहिजे. तुम्हाला सांगायला हवं काय? तुमच्यावर केलं होतं ना? लग्नाच्या बैठकीत तुम्हीच हसत हसत सांगितलं होतंत."

"हसत सांगितलं होतं, हे खरं."

"मग? तीन गेलेली, चौथी तुम्ही. या बघा, पन्नाशीच्या समोर उभ्या आहात, दात शाबूत. आणखी काय पुरावा हवा?"

मी न्यायशास्त्र शिकले आहे, अण्णा. एका दृष्टांताने सिद्धांत होत नाही, हे पोरींना शिकवते. पण दृष्टांत जेव्हा आपणच असतो तेव्हा खोडायचा कसा, हे तुम्ही शिकवलं नाहीत. मी आत जाऊन मुलीला सांगितलं. ती ताडकन म्हणाली, "माझ्या मुलीला केरात टाकणार नाही. नाव तर नाहीच ठेवणार तसलं." विहीणबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पहिल्या दोघांना चांगली नावं काढून ठेवली होतीस, बाय."

मुलीने छताकडे तोंड केलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू जगलीस ना? मग करा. नंतर मी तिला सांगेन, तू केर नाहीस. रोज सांगेन. तू मला सांगितलं नाहीस तसं नाही करणार."

असं ते ठरलं. घरगल्ल्या आता आमच्या बिल्डिंगला नाहीत; हॉस्पिटलातच करायचं, मागच्या अंगणात. उचलणारी बाई म्हणून वॉर्ड झाडणाऱ्या बाईला विचारायचं, आणि विचारायचं मी. कारण विहीणबाईंच्या मते मी शिकलेली, मला बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्राम नाही, बस नाही, दुकानांना फळ्या. मी सूप आणि पुडीत बांधलेला कोंडा पिशवीत घालून दादरहून नायगाववरून चालत निघाले. रस्त्यात काचा, जळक्या टायरचा वास, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांची गाडी. एका शिपायाने पिशवी उघडायला लावली. सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मोर्चाला जाताय?" मी म्हटलं, "नाही, बाजाराला." तसं खोटं नव्हतं ते.

वॉर्ड झाडणारी बाई माझ्याच वयाची असेल. डिलाईल रोडच्या चाळीत राहायची, तिथून तीही चालतच आली होती. व्हरांडा पुसत होती. मी तिच्याशी जे बोलले ते आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. इतके आडवळणाचे समास मी परीक्षकांपुढेही कधी वापरले नव्हते. तिने फडकं बादलीत पिळलं, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या सगळ्या समासांचा विग्रह केला.

"म्हंजे मी पोर उचलायची."

"हो. नावापुरती."

"आन् तुमी कोंडा देऊन परत घ्यायची."

"हो."

"आन् त्यानं काय व्हतं, मास्तरीणबाई?"

"असं म्हणतात, की मरणाला वाटतं, हे मूल कुणाच्या कामाचं नाही."

"माझ्या हातात आलं म्हनून."

तिने माझ्या पिशवीतून डोकावणारं सूप पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. ती हसली, आणि ते हसणं चिडण्यापेक्षा वाईट होतं.

"माझी तीन गेली. एक तापानं, दोन अशीच, बघता बघता. आमच्या खोलीचा पत्ता मरनाला कुनाला इचारावा लागला नाय. कवडीमोलाला ते शिवत नाय म्हनता ना तुमी? मग आमच्यात कुनी मरायलाच नको व्हतं."

व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवली. लांब, लालबागच्या बाजूला, घोषणा चालल्या होत्या.

"आदी केलं असतं मी," ती म्हणाली. "माझ्या सासूनं किती घेतली अशी पदरात. लुगडं मिळायचं. पन आता आमी धर्म घेतला. हजारो मानसांत हात जोडून बोललो, की आमी कुनापेक्षा कमी नाय. ते काय तुमच्या पोरीपुरतं मागं घेऊ?" फडकं पुन्हा फरशीवर टाकून ती खाली बसली. "पोर मी उचलीन. रोज उचलते, तुमी नसता तवा. रडली की खांद्याला लावते. पन केर म्हनून नाय उचलनार."

अण्णा, मी ते सूप तसंच घेऊन उभी राहिले. तेव्हा प्रथम माझ्या मनात आलं, की गिरगावच्या त्या गल्लीत मला उचलणारी बाई कोण होती, हे मी कधी विचारलंच नाही. आईला तिचं नाव माहीत नसावं. तिचीही पोरं असतील. त्यांच्यासाठी कुणी केर होऊन दाखवलं असेल, असं वाटत नाही. आमच्या हकिगतीत आजी होती, आई होती, सूप धरलेले तुम्ही होतात, मी होते. तिचे नुसते हात होते.

आत येऊन मी मुलीला सांगितलं, नाही म्हणाली. का म्हणाली तेही सांगितलं, माझे समास गाळून. विहीणबाई संतापल्या. "दुसरी मिळेल. आमच्या चाळीच्या मागे उद्या बघते. एवढी मिजास कशाला?" मुलगी मात्र उशीवर डोकं टेकून डोळे मिटून म्हणाली, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "आई, तिसावं पान."

दुसरी बाई शोधायची वेळ आली नाही. सकाळी नर्सने तान्हीला काट्यावर ठेवायला उचललं तेव्हाच ती गेलेली होती.

शास्त्राने इतक्या लहान जिवाला काही म्हणजे काही लागू केलेलं नाही. अग्नी नाही, तिलांजली नाही, पिंड नाही. बाराव्याच्या आधी गेली म्हणून नावही नाही. जावई आणि त्यांचा भाऊ घेऊन गेले आणि पुरून आले. सुतक किती, कुणाला, हे मला विचारलं. मी अचूक सांगितलं. तेवढंच मला येत होतं. त्या सगळ्या धावपळीत वॉर्ड झाडणारी बाई मुलीच्या खाटेशी आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "लई देखनी व्हती गं तुझी बाय. असलं नाकडोळं मी या वॉर्डात पायलं नव्हतं." मूल गेल्यानंतरही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की अशी मोठ्याने कशी बोलते ही. मुलीने मात्र तिचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. सोडवेना.

मुलगी आता माझ्याकडे दादरला आहे. मूल गेलेल्या बाळंतिणीला बाळंतिणीचं खाणं द्यायचं की नाही, याचा निर्णय कुणा शास्त्रकाराने लिहिलेला नाही. अळिवाची खीर द्यावी तर दूध वाढतं, आणि ते आटवण्यासाठी तर मी तिच्या छातीला फडकं बांधते. डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते. ते डब्यात आहेत. परवा दुपारी मी भात निवत ठेवला होता. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, चौकटीला टेकून बसली, तुम्ही बसायचात तशी. म्हणाली, "आई, कशी होती गं ती?"

तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं तिच्याजवळ होतंच. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. ज्या तोंडाने तिला जन्मात कधी सांगितलं नाही, त्या तोंडून. मी पळी खाली ठेवली. त्या पुस्तकातले शब्द मला पाठ आहेत, इतक्या वेळा वाचलेत. एक घेतला असता तरी चाललं असतं. आणि तोंडातून आलं, "वाईट नव्हती."

"हो," ती म्हणाली. "तुझ्या भाषेत ते खूप झालं." मग उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

तर मला तुम्हाला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारण्यात अर्थ नाही हे कळून विचारते आहे. तुम्ही जे जन्मभर बोलला नाहीत, ते यम ऐकत असेल म्हणून बोलला नाहीत, की बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून? मॅट्रिकच्या त्या दिवसापर्यंत मला दुसरं वाटायचं. त्या दिवसापासून पहिलं वाटतं. पण नक्की ठाऊक नाही, आणि पन्नाशीच्या बाईने हे नक्की ठाऊक नसताना एका मुलीला वाढवलं. विहीणबाई अजून म्हणतात, एक दिवस आधी केलं असतं तर. मी त्यांना उत्तर देत नाही. त्या झाडणाऱ्या बाईने दिलेलंच उत्तर खरं आहे, हे मला ठाऊक आहे. आणि काट्याकडे पाहत असताना मी ते विसरायला तयार होते, हेही ठाऊक आहे.

आज दुपारी मुलगी झोपल्यावर पुस्तक पुन्हा काढलं. आता ती मोकळी पानं मला तितकी उधळी वाटत नाहीत. त्यातल्याच एका पानावर शिसपेन्सिलीने लिहून पाहावं असं मनात आलं, पण पुस्तक तिचं, म्हणून इथे लिहिते. नातीची बोटं लांब होती. कानाच्या पाळ्या तुमच्यासारख्या, माझ्यासारख्या. झोपेत कपाळाला आठी घालायची, जणू कुणी अशुद्ध म्हणतं आहे. ती सुंदर होती, अण्णा. झालं लिहून. आता दृष्ट लागायला काय शिल्लक आहे?

मग मुलीबद्दलही एक वाक्य लिहिलं. ते या ओळीच्या वरच होतं. खोडलं आहे, तरी उजेडासमोर धरलं तर वाचता येईल. ते लिहून होताच मी उठले, मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, ती झोपलेली असतानाच तिच्यावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. मॅट्रिकच्या दिवशी तडतडल्या होत्या तशाच तडतडल्या. शास्त्रात याला आधार नाही, असं तुम्ही म्हणाला असतात. आणि शेगडी पुढे सरकवली असतीत.